परतीच्या खुणा

दसरा जवळ आला की वर्धा–हिंगणघाट रस्त्याच्या कडेच्या बाभळींवर कापूस दिसू लागतो. भरून जाणाऱ्या गाड्यांमधून तो उडतो आणि काट्यांना अडकतो. दिवाळीपर्यंत बाभळी पांढऱ्या होतात. परगावचा माणूस गाडी थांबवून विचारतो, हे कोणतं झाड? यंदाही अडकू लागला आहे. पण माझी नजर बाभळींवर फार वेळ टिकत नाही. ती पुढच्या ट्रकच्या मागच्या चाकांकडे जाते. चाकं आणि वरचा मालाचा साटा यांच्यामध्ये पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, कमानीसारख्या वाकवलेल्या. त्यांना पाटे म्हणतात. ट्रक रिकामा असला की कमान उंच असते. मोकळा कापूस कितीही भरला तरी ती फारशी दबत नाही. कापूस जागा खातो, वजन भरत नाही. दाबलेल्या गाठी भरल्या की ती सपाट होते. रस्त्यावरच्या गाड्या अशा पाहायची सवय मला भाऊजींनी लावली.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वामनराव. आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. वर्ध्यातल्या एका छोट्या दैनिकात मी बातमीदार म्हणून लागलो होतो आणि ताईकडेच राहत होतो. भाऊजी गावाबाहेरच्या पाट्यांच्या कारखान्यात भट्टीवर होते. कारखाना मोठा नव्हता. पत्र्याची एक लांब शेड, एका टोकाला भट्टी, मध्ये पट्टी वाकवायचा दाबयंत्राचा साचा, शेजारी तेलाचं टाकं. भट्टीतून लाल पट्टी चिमट्यानं ओढायची, साच्यात द्यायची, वाकली की तेलात सोडायची. तेल फसफसायचं आणि निळसर धूर पत्र्यापर्यंत जायचा. दिवसभर हेच. तयार पाटे रेल्वेनं ट्रकच्या मोठ्या कारखान्यांकडे जात.

त्या तेलाचा वास भाऊजींच्या कपड्यांना कायम असे. ताई सदरे सोड्यात उकळायची, दगडावर आपटायची, दिवसभर उन्हात ठेवायची. वास जात नसे. गल्लीच्या तोंडाशी सायकल वळली की वास आधी घरात यायचा आणि ताई चहाचं आधण ठेवायची. ती कधी घड्याळ पाहत नसे.

भाऊजींचं मूळ गाव अल्लीपूर. दोघं भाऊ, धाकटा शंकर. वडिलोपार्जित वावर, म्हणजे शेत, दोघांचं. कारखान्यात कायम झाल्यावर भाऊजींनी आपला हिस्सा शंकरच्या नावावर करून दिला. कुणी मागितला नव्हता. चार माणसांसमोर त्यांनी सांगितलं, "वावर शंकर वाहून राह्यला, त्याचंच असू दे. माह्यं वावर म्हणजे भट्टी हाय." शंकर रडला. जेवणं झाली, पान खाल्लं, आणि भाऊजी संध्याकाळच्या एसटीनं वर्ध्याला परत आले. ताईला हे आवडलं की नाही, ते तिनं कधी सांगितलं नाही. "ह्याइले वाटलं, देऊन टाकलं," एवढंच ती म्हणे.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होत असे. आदल्या संध्याकाळी भट्टी विझवत. सकाळी यंत्रं रॉकेलनं पुसत, झेंडूच्या माळा घालत, हळदकुंकू लावत, नारळ फोडत. कामगार बायकापोरांना घेऊन येत. ज्याचं यंत्र त्याच्या बायकोनं ते ओवाळायचं, अशी तिथली रीत होती. ताई भट्टीच्या दरवाज्याला ओवाळायची. लोखंडी दरवाजा गार असतानाही ती जरा लांबूनच ताट फिरवायची. देविदास फिटर, कारखान्यातला सगळ्यात बोलका माणूस, दरवर्षी म्हणायचा, "वहिनी, जवळून ओवाळा ना. सवतीले भेता काय?" आणि ताई दरवर्षी ताटातल्या अक्षता त्याच्या अंगावर फेकायची.

एका वर्षी पूजेनंतर प्रसाद वाटून झाला आणि मॅनेजरनं माणसांना बसवून सांगितलं, यंत्रं पाठवायची आहेत. नीट उतरवा, पार्ट न् पार्ट वेगळा करा, पेट्यांत भरा. तोवर नवं काम घेतलं जाणार नाही. कुठे पाठवायची, हे तो बोलला नाही. कुणी विचारलंही नाही.

न विचारण्याचं कारण बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडे कारखाना म्हटलं की जिनिंग, सरकी आणि रुई वेगळी करणारा. बहुतेक कामगारांचे बाप, काका तिथंच राबलेले. जिनिंग हंगामापुरतं चालतं. कापूस संपला की भोंगा थांबतो, माणसं घरी जातात. उन्हाळ्यात यंत्रं उघडतात, झिजलेले भाग दुरुस्तीला लांब पाठवतात. दसऱ्याच्या आधी ती पुन्हा बसतात आणि निरोप येतो, या. जाणं आणि येणं, दोन्ही ठरलेलं. बंद पडणं म्हणजे संपणं, असं त्या माणसांनी पाहिलंच नव्हतं. यंत्रं पाठवायची म्हणजे दुरुस्तीला पाठवायची, असं त्यांनी धरलं. पाट्यांच्या कारखान्यालाही आता हंगाम आला, एवढाच त्यांनी अर्थ लावला.

"लई वर्सं चालली ना बावा," भाऊजी त्या दिवशी जेवताना म्हणाले. "लोखंडालेबी दम लागते. नवी होऊन येईन."

मग त्यांनी यंत्रं उतरवली. मी दोनतीनदा गेलो होतो. इतकं शांत काम मी त्या शेडमध्ये कधी पाहिलं नव्हतं. एरवी भट्टीच्या आवाजात माणसं ओरडून बोलत. आता कुणी नट खाली ठेवला तरी ऐकू येई. जो भाग ज्याला जुळतो, त्या दोघांवर छिन्नीनं सारख्या खुणा करायच्या असं देविदासनं ठरवलं होतं. एका जोडीवर एक रेघ, दुसरीवर दोन, तिसरीवर फुली. "उद्या परत आणून जोडाची हाय ना, मंग? अंधारातबी हात लावून समजलं पाह्यजे," तो म्हणायचा. भट्टीच्या दरवाज्यावर भाऊजींनी स्वतः खूण केली. उजवीकडची बिजागरी जुनी होती, दरवाजा ओढताना ती अडायची. नव्या माणसानं जोर लावू नये म्हणून तिथं त्यांनी खोल फुली मारली.

लाकडी पेट्यांत यंत्रांचे भाग ग्रीस लावून ठेवले. मधल्या फटींत कापूस भरला. कापसाची आमच्याकडे वाण नव्हती. प्रत्येकानं घरून थोडाथोडा आणला. ताईनं जुनी उशी उसवून दिली.

जमिनीत पुरलेले बोल्ट तेवढे राहिले. यंत्रं त्यांवर बसवलेली असत. रिकाम्या शेडमध्ये ते फरशीतून वर आलेले दिसत. भाऊजी आणि आणखी दोघं एक दिवस बसून सगळ्या बोल्टांना ग्रीस लावत होते आणि वर चिंध्या बांधत होते. पेच गंजले तर परत येणारं यंत्र बसणार नाही, म्हणून.

पेट्या मालगाडीनं गेल्या. वर्धा जंक्शनच्या माल धक्क्यावर माणसं पोचवायला गेली होती. देविदासनं शेवटच्या पेटीवर थाप मारली आणि म्हणाला, "लवकर येजो वं."

आज हे लिहिताना मला बातमीदाराची सवय आडवी येते. कोण, कुठे, कधी, का. यातल्या ‘का’चं उत्तर नंतर मिळालं आणि ते साधं होतं. कारखान्याचे मालक, शेटजी, यांचे नातेवाईक पिढ्यान्‌पिढ्या पूर्व आफ्रिकेत व्यापारात होते. केनियात ट्रक जोडायला सुरुवात झाली होती आणि तिथल्या सरकारला पाटे तिथंच बनायला हवे होते. आपल्याकडच्या माणसाला परदेशात भागीदारी करायची तर त्या काळात पैसा सहज नेता येत नसे. यंत्रं नेता येत. यंत्रं हेच भांडवल. शेटजींनी वर्ध्याची यंत्रं नैरोबीला नेली. कागदोपत्री सगळं नियमात होतं. कामगारांचा हिशेबही चुकता झाला. बातमीच्या भाषेत बोलायचं तर कुणावर अन्याय झाला, असं सिद्ध करता आलं नसतं.

हे बाहेर आलं ते देविदासमुळे. कार्तिकात पोलीस ठाण्याचा एक शिपाई त्याच्या घरी चौकशीला आला. बायको घाबरली, नवऱ्यानं काय केलं? शिपाई म्हणाला, काही केलं नाही, पासपोर्टाची चौकशी आहे. यंत्रं तिथं नेऊन जोडायला शेटजींनी पेट्या भरत असतानाच त्याला विचारलं होतं आणि गुपचूप राहायला सांगितलं होतं.

संध्याकाळी कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर सगळे जमले. फाटकाला कुलूप होतं तरी माणसं रोज तिथंच जमत. मीही होतो. देविदास मान खाली घालून बसला होता.

"काऊन नाई सांगतलं बे?" एकानं विचारलं.

"कसा सांगू? तुमी बोल्टाइले चिंध्या बांधून राह्यले होते."

मग दुसरा म्हणाला, "केनिया म्हणजे कुठी येते?"

"समिंदराच्या पल्याड."

"तिथं सिंव्ह असते म्हणते."

"मंग देविदास, तू भट्टीत लपजो. पेटवाच्या आधी निघजो मातर."

हसले सगळे. देविदासही हसला. मला अपेक्षित होता तो संताप तिथं नव्हता, निदान त्या संध्याकाळी. शिव्या नंतर आल्या, महिनाभरानं, दिवाळीची उधारी फेडायची वेळ आल्यावर. पहिल्यांदा आलं ते काहीसं कौतुक. शेटजींकडूनच आलेली चार ओळींची बातमी आमच्याच दैनिकात छापून आली, वर्ध्याच्या उद्योगाची परदेशात भरारी अशी. तो अंक टपरीवर हातोहात फिरला. ज्याला वाचता येत होतं त्यानं मोठ्यानं वाचली. एक म्हातारा कामगार म्हणाला, "आपल्या हातची यंत्रं जहाजात बसली लेको. आपुन तर अजून मुंबईबी नाई पाह्यली." त्याच्या आवाजात खरोखर अभिमान होता. मग म्हणाला, "त्याइच्या संगं आपल्यालेबी न्याले काय झालतं?"

भाऊजी चहा प्यायले नाहीत. कप थंड झाला. उठताना त्यांनी देविदासला एकच विचारलं, "खुना पुसल्या तं नाई ना? त्या खुनांनंच जोडजो."

कामगारांना काय वाटलं, असं मला पुढे बऱ्याच ठिकाणी विचारायचं काम पडलं. गिरण्या बंद पडल्या, कारखाने दुसऱ्या राज्यांत गेले, विदर्भातून काय काय गेलं. लोक मोठी वाक्यं बोलतात, आपण ती लिहून घेतो. वर्ध्याच्या त्या टपरीवर मी जे ऐकलं ते कुठल्या बातमीत बसलं नसतं. नोकरी गेली हे दुःख होतंच. त्यापेक्षा मोठं हे होतं की ती त्यांच्याच हातांनी गेली. ग्रीस लावून, उशीचा कापूस भरून, खुणा करून. चोराला दागिने डब्यात घालून, वर फडकं बांधून द्यावेत तशी. आणि तरी यंत्राचा एकही भाग वाटेत मोडू नये असंच त्यांना वाटत होतं.

त्या हिवाळ्यात भाऊजी घरी असत. संध्याकाळी ताई सवयीनं आधण ठेवायची. वास येत नसे. आधण उकळून उकळून अर्धं व्हायचं, मग ती चूल विझवायची. एकदा मी पाहिलं, तिनं पेटीतून भाऊजींचा जुना सदरा काढला, नाकाशी धरला आणि परत घडी करून ठेवला. धुतला नव्हता तो.

काम शोधणं चालू होतं. लोहाराच्या दुकानात, ट्रकच्या गॅरेजमध्ये, समुद्रपूरला एका लांबच्या नातेवाइकाच्या ओळखीनं. प्रत्येक ठिकाणी भाऊजी जाऊन येत. पाटे बनवणाऱ्या माणसाचं पाटे बनवण्यापलीकडे कुणाला काम नव्हतं. जिनिंगमध्ये हंगामापुरतं लागलं असतं, पण तिथं आधीचीच माणसं रांगेत होती. वर्ध्यातली खोली सोडून ती दोघं अल्लीपूरला गेली. मी वर्ध्यातच दुसरी खोली घेतली. सामान बैलगाडीनं जात असताना भाऊजी मला म्हणाले, "साळेबुवा, कारखान्याकडून जात जाजो कधीमधी. कुलूप निघालं तं सांगजो." त्यांना अजूनही वाटत होतं. मला त्यांना खोटं ठरवावंसं वाटलं नाही. मी हो म्हणालो.

देविदास पुढच्या पावसाळ्यात परतला. रंगीत शर्ट, हातात घड्याळ, वर्ध्याला लागलीच कळेल इतका बदललेला. तो अल्लीपूरला भाऊजींना भेटायला गेला तेव्हा मीही सोबत होतो. ओसरीवर बसलो. ताईनं चहा दिला. देविदासनं तिथल्या घरांचं, थंडीचं, रस्त्यांचं सांगितलं. सिंह दिसला नाही म्हणाला. भाऊजी ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "जमली?"

"जमली. एकबी भाग चुकला नाई. खुना पाहून तिथला इंजिनियर म्हणे, कोनं केलं हे काम?"

"तू काय सांगतलं?"

"तुमचं नाव सांगतलं ना भाऊ. त्याले बोलता नाई आलं, पन सांगतलं."

भाऊजींनी मान हलवली. मग म्हणाले, "दरवाजा?"

"उजवीकडून अडते अजून. पोराले दाखवला मी. हळू ओढजो म्हटलं."

"कोन हाय भट्टीवर?"

"हाय एक. चांगला हाय. लांबच्या खेड्याचा हाय, म्हणून तिथंच झोपते."

भाऊजींनी कप खाली ठेवला. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आता येत नसन ना यंत्रं परत?" प्रश्न भाऊजींचा होता, पण ताई दारात उभी होती आणि उत्तर तिला हवं होतं. देविदास तिच्याकडे पाहून म्हणाला, "नाई वहिनी. तिथं त्याइनं जमीन खोदून बसवली. आता नाई निघत."

ताई आत गेली. ती रडली असेल तर आवाज आला नाही. भाऊजी उठले, देविदासच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गोठ्याकडे गेले.

त्या वर्षी दसऱ्यानंतर वेचणीला सुरुवात झाली, तेव्हा एका सुटीच्या दिवशी मी अल्लीपूरला गेलो. आमच्याकडे कापूस बाया वेचतात. पुरुष वखर धरतील, गाडी हाकतील, गाठोडी बांधतील. पण कमरेला ओटी बांधून ओळीत उभा राहिलेला पुरुष मी तोपर्यंत पाहिला नव्हता. ओटी म्हणजे पोटाशी बांधलेली कापडाची झोळी; वेचलेला कापूस तिच्यात टाकायचा. त्या दिवशी बायांच्या रांगेच्या शेवटी भाऊजी होते. ओटी बांधलेली. शेजारच्या ओळीत ताई.

शंकरनं आदल्या दिवशी त्यांना म्हटलं होतं म्हणे, दादा, तू धुऱ्यावर, बांधाला बस, मजुरांवर लक्ष ठेव. भाऊजी बसले नाहीत. बसून खायचं असतं तर वावर दिलं नसतं, असं ते म्हणाले. बाकीच्या कामाला शंकर आणि त्याचा सालगडी होते. उरली होती वेचणी.

भाऊजींचे हात भट्टीनं जाड झाले होते. बोटांच्या टोकांना स्पर्श फारसा उरला नव्हता. फुटलेल्या बोंडाची टोकं टोचतात तेव्हा बायांची बोटं आपोआप बाजूला होतात. भाऊजींना ती टोचतच नसत. त्यामुळे कापसासोबत बोंडाचं सुकलं पानही ओटीत येत होतं. पुढच्या ओळीतली एक म्हातारी वळून म्हणाली, "भाऊ, कापूस हाय तो, लोखंड नाई. लाडानं घ्या त्याले."

"लाडानंच घेऊन राह्यलो ना मावशे."

"तुमची बायको बोलत असन, एवढ्या लाडानं मले कधी घेतलं नाई म्हणून!"

सगळी रांग हसली. ताईनं पदर तोंडाला लावला. भाऊजीही हसले, खूप दिवसांनी. पुढे दिवसभर हे चालू राहिलं. नवरी कुठून आली, नवऱ्याच्या शेजारी कशी, ओटी घट्ट बांधा नाही तर सुटेल. भाऊजी उत्तरं देत होते आणि मागं पडत होते. ऊन वर आलं, कलंडलं. बाया ओळ संपवून परतीच्या ओळीला लागल्या तरी ते अर्ध्यातच होते.

संध्याकाळी लिंबाखाली काटा टांगला. मजुरी वजनावर असे. एकेक बाई आपलं गाठोडं आणी, शंकर ते आकड्याला अडकवी, वजन मोठ्यानं सांगे. बाई ऐके, बाजूला होई. ताईचंही झालं. शेवटी भाऊजींचं गाठोडं आलं तेव्हा शंकरनं ते काट्याखालून उचलून मोजलेल्या कापसाच्या ढिगाकडे नेलं.

"तुह्यं काऊन मोजू दादा? वावर तुह्यं हाय."

भाऊजी काट्याजवळ आले. ढिगाजवळून गाठोडं त्यांनी परत आणलं, स्वतः आकड्याला अडकवलं आणि हात सोडले.

"वावर तुह्यं हाय," ते म्हणाले. "मोज."

शंकरनं काटा पाहिला. वजन त्याच्या ओठांतच राहिलं.

"मोठ्यानं सांग शंकर. सगळ्याइचं सांगतलं ना?"

शंकरनं सांगितलं. सगळ्यांत कमी भरलं होतं. दिवसभर भाऊजींची थट्टा करणाऱ्या त्या बायांपैकी एकही हसली नाही.